खेड्यांतील जुनी चर्च आणि मठ: त्यांचे सौंदर्य कशात असते?

आपला प्रश्न असा आहे की, युरोपातील मोठ्या शहरांमधली कॅथीड्रल पाहून माणूस थक्क होतो, पण शेतांच्या मधोमध किंवा एखाद्या अरुंद दरीत उभे असलेले लहानसे चर्च अथवा एकाकी मठ पाहताना त्याहून खोल काहीतरी जाणवते. ते नेमके कशामुळे? आणि दुसरे, अशा वास्तूंची दुरुस्ती केली की त्यांचे जुनेपण, म्हणजेच त्यांचे सौंदर्य, नाहीसे होते का? जुन्या दगडी व लाकडी वास्तूंच्या जतनाच्या कामात मी दीर्घकाळ आहे, त्यामुळे उत्तर गवंडी, पाथरवट आणि सुतार यांच्या बाजूने देतो. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. या वास्तू सुंदर दिसतात, कारण त्या बांधणाऱ्यांपुढे पर्याय फार थोडे होते आणि त्या थोड्या पर्यायांना त्यांनी अतिशय नेमके उत्तर दिले. आणि त्या आजवर टिकल्या, कारण नंतरच्या प्रत्येक पिढीने त्या उत्तराशी जुळणारीच देखभाल केली. देखभाल बिघडली की सौंदर्यही बिघडते.

सुरुवात दगडापासून करतो, कारण सारे तिथूनच ठरते. कॅथीड्रलसाठी दगड दुरून आणणे परवडत असे. इंग्लंडमधील नॉरिच येथील कॅथीड्रलसाठी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील काँ येथला फिकट, बारीक कणांचा चुनखडक समुद्रमार्गे आणण्यात आला. त्याच नॉरफक परगण्यातल्या खेड्यांना ते शक्य नव्हते. त्यांच्या जमिनीत चांगला इमारती दगड नाही. नांगराला लागणाऱ्या गारगोट्या मात्र भरपूर आहेत. गारगोटी कठीण असते, फोडली तर काचेसारखी फुटते आणि तिला काटकोनी कोपरा देता येत नाही. तेथील कारागिरांनी मुबलक चुना वापरून गारगोट्यांच्या भिंती रचल्या आणि पुष्कळ ठिकाणी मनोरे गोल बांधले. असे गोल मनोरे असलेली सुमारे १८० चर्च इंग्लंडमध्ये आजही उभी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य नॉरफकमध्ये आहेत. गोल मनोऱ्याला कोपरे नसतात, म्हणून कोपऱ्यासाठी लागणारा महागडा घडीव दगड वाचतो, हे त्यामागचे परंपरेने दिले जाणारे कारण. अभ्यासकांमध्ये त्यावर वाद आहे, कारण गोल आकाराची आवड हेही एक कारण असू शकते. कारण कोणतेही असो, त्या भिंतीचा करडा-पांढरा पोत आणि सभोवतालच्या नांगरलेल्या जमिनीचा पोत एकच आहे. इमारत परिसरात ‘शोभते’ असे आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा डोळ्यांनी हीच गोष्ट टिपलेली असते.

नॉर्वेमध्ये हाच नियम लाकडाला लागू झाला. तेथील मध्ययुगीन स्टेव्ह चर्च, म्हणजे उभ्या खांबांच्या आणि उभ्या फळ्यांच्या सांगाड्यावर बांधलेली लाकडी चर्च, एके काळी एक हजाराहून अधिक असावीत असा अंदाज आहे. आज २८ शिल्लक आहेत. त्यांच्या आधीच्या चर्चमध्ये खांब थेट जमिनीत गाडलेले असत आणि मातीतल्या ओलाव्याने ते बुडापासून कुजत. पुढे सुतारांनी दगडी पायावर आडव्या तुळया ठेवून खांब त्यांवर उभे केले, आणि एवढ्या एका बदलाने इमारतीचे आयुष्य शतकांनी वाढले. सुमारे ११८० मधले बोर्गुंडचे चर्च पाहिले की एकावर एक चढत गेलेली उतरती छपरे प्रथम नजरेत भरतात. ती दिसायला नाट्यमय असली तरी प्रत्येक छप्पर खालच्या भिंतीवर पाऊस आणि बर्फ पडू नये यासाठीच आहे. लाकडाचा तो गडद, जवळजवळ काळा रंग पाइनच्या लाकडापासून काढलेल्या डांबराचा आहे. त्याचे हात पुन:पुन्हा द्यावे लागतात आणि ते शतकानुशतके दिले गेले आहेत. उर्नेस येथील चर्चच्या उत्तर भिंतीवर एकमेकांत गुंतलेल्या सडपातळ प्राण्यांचे जे विलक्षण कोरीवकाम आहे, ते अकराव्या शतकातील आधीच्या इमारतीचे आहे. बाराव्या शतकात नवे चर्च उभारताना लोकांनी जुने कोरीव लाकूड टाकून दिले नाही, नव्या भिंतीत बसवले.

यावरून या वास्तूंमध्ये अलंकरण कमी असते असा समज होऊ नये. इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यातील किलपेक या छोट्या गावातले ११४० च्या सुमाराचे चर्च तांबूस वालुकाश्मात कोरलेल्या चेहऱ्यांनी आणि प्राण्यांनी भरलेले आहे; छपराखालच्या दगडी टोड्यांवर ससा आणि शिकारी कुत्रा शेजारी शेजारी बसलेले आहेत. पण तिथेही कोरीवकाम दरवाजा, खिडकी आणि टोडे अशा मोजक्या जागी एकवटलेले आहे आणि उरलेली भिंत साधी आहे. साध्या भिंतीच्या पार्श्वभूमीमुळेच ते कोरीवकाम बोलते.

आता प्रकाशाकडे वळू, कारण पाहणाऱ्याला जे ‘काहीतरी’ जाणवते त्याचा मोठा वाटा प्रकाशाचा असतो आणि त्याचे कारण बांधकामात सापडते. अकराव्या-बाराव्या शतकातल्या रोमनेस्क शैलीच्या इमारतींवर लांब बोगद्यासारखी दगडी कमानदार छते असतात. असे छत आपले वजन केवळ खाली टाकत नाही. ते भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. तो रेटा पेलण्यासाठी भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि त्यांत मोठी भगदाडे पाडून चालत नाही. म्हणून खिडक्या थोड्या आणि अरुंद. मात्र कारागिरांनी खिडकीच्या आतल्या बाजू तिरप्या कापल्या, त्यामुळे बाहेरून हातभर दिसणारी फट आतून रुंद होते आणि आलेला प्रकाश त्या उतरत्या दगडांवर पसरून मऊ होत आत उतरतो. जाड भिंतीच्या अंधाराशेजारी हा थोडासा उजेड आला की डोळे त्याच्याकडे ओढले जातात. वेदी शक्यतो पूर्वेकडे असे, त्यामुळे पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी पहिला प्रकाश तिच्यामागच्या खिडक्यांतून येई. गॉथिक शैलीने पुढे भिंतीचे काम खांबांवर आणि बाहेरच्या आधार-कमानींवर सोपवून मोठमोठ्या काचा शक्य केल्या. त्याचे वैभव मी नाकारत नाही. पण मोजका प्रकाश आणि भरपूर प्रकाश हे दोन निरनिराळे अनुभव आहेत, आणि आपण ज्या खोलीविषयी विचारता ती मोजक्या प्रकाशाची आहे.

मठांच्या बाबतीत या तंत्राला विचाराची जोड मिळाली. १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे सुरू झालेल्या सिस्टर्शियन पंथाने संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमांचे काटेकोर पालन करण्याचे ठरवले. त्या पंथातील क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी ११२५ च्या सुमारास एका पत्रवजा लेखात मठांमधल्या चित्रविचित्र प्राण्यांच्या शिल्पांवर कडक टीका केली. त्यांचा आक्षेप असा की, ती पाहण्यातच मठवासीयांचे लक्ष गुंतते आणि वाचन-मनन मागे पडते. पंथाच्या नियमांनी खिडक्यांच्या काचा बिनरंगी आणि चित्रांशिवाय असाव्यात असे सांगितले. अशी बंदी घातल्यावर वास्तू रुक्ष व्हायला हवी होती. झाले उलटे. सजावट गेल्यावर कारागिराजवळ प्रमाण, दगडाचा सांधा आणि प्रकाश एवढेच उरले, आणि त्याने सगळे कौशल्य त्यांतच ओतले.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील फोंतने हा मठ १११८ मध्ये संत बर्नार्ड यांनीच स्थापन केला आणि तेथील चर्चचे पवित्रीकरण ११४७ मध्ये पोप तिसरे युजीन यांच्या हस्ते झाले. त्या चर्चच्या मुख्य दालनाला वरच्या बाजूला खिडक्याच नाहीत. उजेड येतो तो दोन्ही टोकांच्या भिंतींतून आणि बाजूच्या दालनांतून. दालनाच्या मध्यभागी उभे राहिले की पुढे उजेड, मागे उजेड आणि डोक्यावर शांत सावली अशी रचना लक्षात येते. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील ल तोरोने येथे, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधकाम सुरू झालेल्या मठात, चिरे इतके अचूक घडवलेले आहेत की सांध्यांमधला चुना जवळजवळ दिसतच नाही. भिंतींवर ना गिलावा, ना चित्र. त्या गुळगुळीत कठीण दगडामुळे आणि कमानदार छतामुळे आवाज तेथे बराच वेळ घुमत राहतो. घाईने गायले तर सूर एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. सावकाश, एका सुरात गायले तर मागचा सूर पुढच्याला आधार देतो. इमारतच गाणाऱ्याला शिस्त लावते. ज्यांना अशा मठात जाण्याची संधी मिळेल त्यांनी प्रार्थनागायन किंवा निदान कोणाचा तरी एक संथ सूर ऐकल्याशिवाय परतू नये, असे मी आग्रहाने सांगेन. या वास्तूंचे अर्धे सौंदर्य छायाचित्रात येतच नाही.

मठाची मांडणी जागेने कशी घडवली, हे समजून घेणे मला विशेष आनंदाचे वाटते. साधारण रीत अशी की चर्चच्या दक्षिणेला चौरस अंगण आणि त्याभोवती चारही बाजूंनी कमानींची ओसरी, म्हणजे चर्चची सावली ओसरीवर पडत नाही आणि हिवाळ्यात ऊन मिळते. ल तोरोने येथे मात्र जमिनीच्या चढ-उतारामुळे आणि पाण्याच्या सोयीमुळे हे अंगण उत्तरेला गेले, ते चौरस न राहता वाकड्या चौकोनाचे झाले आणि ओसरीच्या बाजू जोडण्यासाठी पायऱ्या घालाव्या लागल्या. प्रोव्हान्समधल्याच, ११४८ मध्ये स्थापन झालेल्या सेनांक मठाची दरी इतकी अरुंद आहे की चर्च पूर्वेकडे वळवणे शक्यच झाले नाही. त्याची वेदी उत्तरेकडे आहे. नियम पाळण्याबद्दल इतका कर्मठ असलेला पंथ, पण डोंगराशी भांडला नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र हेच लोक हटून बसत. फ्रान्समधील ओबाझीन येथील मठवासीयांनी बाराव्या शतकात डोंगरकड्याच्या कडेने खडक फोडून आणि आधारभिंती रचून सुमारे दीड किलोमीटर लांबीचा पाट मठापर्यंत आणला. स्वयंपाकघर, हात धुण्याची जागा, माशांची तळी आणि चक्की हे सारे त्या पाण्यावर चाले. फोंतने येथे तर पाण्याच्या जोरावर चालणारा लोहारकामाचा कारखाना होता आणि त्याची दगडी इमारत चर्चइतक्याच काळजीने बांधलेली आहे. प्रार्थना आणि श्रम यांना या लोकांनी वेगवेगळ्या प्रतीची वास्तुकला दिली नाही. मठ पाहताना म्हणूनच कोठारे आणि कामाच्या जागा टाळू नयेत.

जिथे सरळसाधा दगड उपलब्ध होता पण लोकांना चित्रे हवी होती, तिथे भिंत बोलकी झाली. रुमेनियाच्या उत्तरेकडील व्होरोनेत्स मठाचे चर्च १४८८ मध्ये राजा स्टीफन द ग्रेट याने चार महिन्यांहूनही कमी वेळात बांधून घेतले आणि १५४७ मध्ये त्याच्या बाहेरच्या भिंतीही चित्रांनी भरण्यात आल्या. पश्चिमेच्या संपूर्ण भिंतीवर अंतिम न्यायाचे दृश्य आहे, मागे तो प्रसिद्ध निळा रंग. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग दिला की चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्यात बंदिस्त होतात. छपराच्या रुंद वळचणीने उरलेले काम केले. तरीही उत्तरेची भिंत, जिच्यावर पावसाचा आणि वाऱ्याचा मारा सर्वाधिक असतो, पुष्कळशी पुसट झाली आहे. मार्गदर्शक ती बाजू चटकन आटोपतात. माझे मत वेगळे आहे: उत्तर भिंत आधी पाहावी, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर काय वाचले आहे याची किंमत कळते.

स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील बोई दरीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तेथील ताउल गावात सांत क्लिमेंत आणि सांता मारिया या दोन चर्चचे पवित्रीकरण ११२३ च्या डिसेंबरमध्ये लागोपाठच्या दोन दिवशी झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापारी पिरेनीज पर्वतातील चर्चमधली भित्तिचित्रे विकत घेऊन परदेशी पाठवू लागले, तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९१९ ते १९२३ या काळात ती उतरवून आपल्या संग्रहात नेली. चित्रावर सरसाने कापड चिकटवून, ते वाळल्यावर रंगाचा पातळ थर कापडासकट ओढून काढण्याची ही पद्धत. चित्रे वाचली, हे निर्विवाद. पण डोंगरातल्या त्या लहान अर्धगोल छताखाली, त्या उजेडात, ज्या उंचीवरून चित्रातला ख्रिस्त खाली पाहत असे ते नाते तुटले. २०१३ पासून सांत क्लिमेंतमध्ये मूळ चित्र प्रकाशझोताने पुन्हा त्याच छतावर दाखवले जाते. आधी रंगवून ठेवलेल्या प्रतिकृतीपेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण दिवा मालवला की हरवलेली जागा हरवलेलीच दिसते.

इथून आपल्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. दुरुस्तीने सौंदर्य जाते का? जाते, जर दुरुस्ती करणाऱ्याला इमारत नवी करायची असेल तर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अनेक गावांतल्या चर्चच्या आतल्या भिंतींवरचा जुना गिलावा खरवडून दगड उघडा पाडण्यात आला, कारण ‘खरे मध्ययुग’ तसे असावे अशी समजूत होती. त्या गिलाव्याबरोबर भित्तिचित्रांचे थरही गेले. याच्या विरोधात विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिची भूमिका अशी की इमारतीला तिच्या कल्पित जुन्या रूपाकडे परत नेण्याऐवजी रोजच्या काळजीने तिचा ऱ्हास थोपवावा. आजही आमच्या क्षेत्राचा पाया तोच आहे.

प्रत्यक्षात सर्वांत मोठे नुकसान मात्र कल्पनेने केलेले नाही, सिमेंटने केले आहे. जुनी भिंत पाणी पूर्णपणे अडवत नाही. ती थोडे शोषते आणि चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या सांध्यांमधून, ते बाहेर सोडते. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्याने झीज त्याची होते, आणि काही दशकांनी दर्जा पुन्हा भरल्या की दगड सुरक्षित राहतो. दर्जा सिमेंटने भरल्या की हा क्रम उलटतो. ओल बाहेर पडायला दगडाशिवाय वाट उरत नाही, तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूप धरतात, थंड प्रदेशात त्यात गोठणाऱ्या पाण्याची भर पडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दगड आत गेलेला आणि दर्जांचे जाळे मात्र पुढे आलेले, अशी भिंत दिसली की ती कुणीतरी ‘मजबूत’ केली होती हे ओळखावे. पुष्कळदा ते काम अतिशय सद्भावनेने, गावाने वर्गणी काढून केलेले असते आणि म्हणूनच त्याचे वाईट वाटते.

लाकडी वास्तूंमध्ये प्रश्न वेगळा असतो, कारण तिथे मूळ साहित्यच बदलावे लागते. रशियातील किझी बेटावरचे १७१४ चे २२ घुमटांचे चर्च याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे घुमट अस्पेनच्या लाकडाच्या लहान तुकड्यांनी मढवलेले आहेत, जे उन्हा-पावसात चंदेरी होतात आणि ठरावीक काळाने बदलावेच लागतात. अलीकडच्या मोठ्या दुरुस्तीत वरचा भाग यंत्रांनी उचलून धरून खालचे कुजलेले ओंडके थराथराने काढण्यात आले, शाबूत ओंडके पुन्हा जागेवर बसवण्यात आले आणि नवे ओंडके जुन्या पद्धतीनेच तासण्यात आले. अशा ठिकाणी जतन होते ते लाकडाइतकेच त्याला तासणाऱ्या हाताचे. कारागीर संपले तर इमारतीच्या प्रत्येक मोजमापाचा नकाशा असूनही उपयोग नाही.

नवे काही करूच नये, असे मात्र मी मानत नाही. फ्रान्समधील काँक या डोंगरी गावातल्या मठाच्या चर्चसाठी चित्रकार प्येर सुलाज यांनी १९८७ ते १९९४ या काळात १०४ खिडक्यांच्या नव्या काचा केल्या. त्यांत एकही रंग नाही. काचेची अर्धपारदर्शकता जागोजागी बदलते आणि दिवसाच्या प्रहरानुसार प्रकाशाची छटा बदलते. सुलाज यांनी आपली चित्रकला भिंतीवर लादली नाही, भिंतीला कोणता प्रकाश मानवतो हे शोधले. नव्या कामाची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

पाहायला जाल तेव्हा आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. जमीन भिंतीच्या किती वरपर्यंत चढली आहे ते पाहा; शतकानुशतकांच्या दफनांमुळे चर्चच्या आवाराची पातळी बरीच उंचावलेली असते आणि ओल तिथूनच चढते. वेगळ्या रंगाचा दगड, बुजवलेला दरवाजा, छपराची जुनी रेषा दाखवणारी भिंतीवरची खूण, पुन्हा वापरलेला कोरीव तुकडा, या गोष्टी शोधा. एका दिवसात अनेक ठिकाणे पाहण्यापेक्षा एकच ठिकाण सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी पाहा. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत कॅमेरा बाहेर काढू नका. पाऊस आला तर तो टाळू नका, कारण पन्हळी, वळचणी आणि निचऱ्याचे उतार हे सारे काम करताना तेव्हाच दिसते, आणि जिथे पाणी चुकीच्या जागी गळते तिथेच पुढच्या दहा वर्षांतले नुकसान सुरू झालेले असते.

गावांतली वस्ती घटल्यामुळे यांतील असंख्य चर्च आता नित्य वापरात नाहीत. इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये स्थापन झालेला, आता चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या नावाने ओळखला जाणारा न्यास अशा ३५० हून अधिक चर्चची देखभाल करतो; अनेक देशांत मात्र हे काम गावातल्या मूठभर वयस्कर माणसांवर येऊन पडले आहे. दारापाशी पेटी ठेवलेली असेल तर तिच्यात जरूर काही टाका, आणि किल्ली सांभाळणारी व्यक्ती भेटली तर छपराची दुरुस्ती कधी झाली आणि पन्हळी कोण साफ करते, हे तिला विचारा.